अ‍ॅनिमेशन पाहून जनुके आणि शरीरक्रिया खरोखर समजतात, की समजल्याचा भास होतो?

मलप्रभाकाठ

मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. हा धागा मात्र माझ्या वर्गाविषयी नसून माझ्या भाचीविषयी आहे. तिने दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून घेतले आणि आता ती बेळगावात पीयूसीच्या (कर्नाटकातील अकरावी-बारावीच्या) दुसऱ्या वर्षाला विज्ञान शाखेत, अर्थातच इंग्रजीतून, शिकते आहे. ‘पेशी’, ‘गुणसूत्र’, ‘अनुवंश’ ही जी मंडळी तिच्या चांगल्या ओळखीची होती, ती आता परक्या नावांनी भेटू लागली आहेत. वर्गात ‘होमोलोगस’ म्हणजे काय असे विचारले, तर उत्तरादाखल आणखी एक इंग्रजी शब्द मिळतो. त्यामुळे ती रोज रात्री मोबाइलवर दहा-पंधरा मिनिटांची अ‍ॅनिमेशन पाहते आणि पाहून झाल्यावर ‘मावशी, सगळे कळले’ असे सांगते.

गेल्या रविवारी मी तिच्या शेजारी बसले. चित्रफीत संपल्यावर मोबाइल उपडा ठेवला, कोरा कागद पुढे केला आणि चार गुणसूत्रांची एक पेशी काढून तिचे अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन दाखव, इतकेच सांगितले. तिने पहिल्याच विभाजनात प्रत्येक गुणसूत्राचे दोन क्रोमॅटिड (नकलेने झालेले जुळे धागे) ओढून वेगळे केले, आणि सजातीय जोड्या (आईकडचे आणि वडिलांकडचे जोडीदार) मात्र वेगळ्या केल्याच नाहीत. मग आम्ही मूत्रपिंडाकडे वळलो. हेन्लेच्या वळशामुळे, म्हणजे त्यातील सूक्ष्म नळीच्या वळणामुळे, लघवी घट्ट होते, हे तिने न अडखळता सांगितले. परंतु त्यासाठी तो वळसा लांबच का असावा लागतो, या प्रश्नावर ती गप्प झाली.

चित्रफिती वाईट होत्या असे म्हणावे, तर मी स्वतःही त्या पाहिल्या होत्या, आणि खरे सांगायचे तर मलाही सगळे कळले असेच वाटले होते. त्याच वेळी हेही मान्य करावे लागते की, वर्गातल्या व्याख्यानात तिला ज्याचा काहीच थांग लागत नव्हता, ते या फितींमुळे निदान डोळ्यांसमोर तरी आले. म्हणून तिचा मोबाइल काढून घ्यावा असे मला वाटत नाही, आणि त्याच्या भरवशावर तिला सोडवतही नाही. ज्यांनी अशा मार्गाने हे विषय शिकले किंवा शिकवले असतील, त्यांनी आपले अनुभव लिहावेत.

कुंदाप्रेमी

माझा अनुभव असा आहे की, चित्रफीत सुरू असेपर्यंत मी प्राध्यापक असतो आणि ती संपताच पुन्हा शेवटच्या बाकावर जाऊन बसतो.

तिलकवाडीकर

बेळगावातील एका महाविद्यालयात मी तीस वर्षांहून अधिक काळ प्राणिशास्त्र शिकवले. आपल्या भाचीने जी चूक केली, ती मी दरवर्षी कित्येक उत्तरपत्रिकांत पाहिली आहे, आणि त्या काळी मोबाइल नव्हते. दोष आमच्या भिंतीवरच्या तक्त्यांचा होता. तक्त्यावर गुणसूत्र नेहमी इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारखे काढलेले असते, त्यामुळे तोच त्याचा कायमचा आकार आहे असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुतः पेशी विभाजनाच्या तयारीला लागून डीएनएची नक्कल झाली, तरच गुणसूत्र असे दुहेरी होते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात आणि नक्कल झाल्यावरही ती ४६च म्हणायची असतात, कारण मोजायचे ते गुणसूत्रबिंदू, म्हणजे जुळे धागे जिथे जोडलेले असतात त्या जागा. क्रोमॅटिड मात्र तोपर्यंत ९२ झालेले असतात. पहिल्या विभाजनात जोडीदार वेगळे होतात, म्हणून प्रत्येक पेशीत २३ गुणसूत्रे जातात, तीही दुहेरी. दुसऱ्या विभाजनात त्या दुहेरी गुणसूत्रांतील जुळी भावंडे वेगळी होतात. ‘जोडीदार आधी, जुळे नंतर’ असे मी फळ्यावर लिहून ठेवत असे.

चांगल्या अ‍ॅनिमेशनमध्ये नक्कल होण्याआधीचे एकेरी गुणसूत्र दिसते, ते दुहेरी होताना दिसते, आणि मग जोड्या जुळताना दिसतात. हा क्रम तक्त्याला दाखवता येत नव्हता, एवढे श्रेय मी या नव्या साधनाला निःसंकोच देतो. मात्र मी स्वतः लोकरीचे धागे वापरत असे: आईकडून आलेले लाल, वडिलांकडून आलेले हिरवे. विद्यार्थ्याने ते स्वतःच्या हाताने दुहेरी करायचे, मधोमध गाठ मारायची आणि मग वेगळे करायचे. चुकीचा धागा ओढला की गाठ अडते, आणि ती अडचण मनात राहते. पडद्यावर काहीच अडत नाही.

थोडे अवांतर: कोणत्या जोडीतील आईकडचे गुणसूत्र कोणत्या बाजूला जाईल, हे इतर जोड्यांवर अवलंबून नसते. त्यामुळे २३ जोड्यांतून होणाऱ्या वेगवेगळ्या वाटण्या म्हणजे दोनाचा तेविसावा घात, अर्थात ८३,८८,६०८. हा आकडा फळ्यावर लिहिताच एक विद्यार्थी उठून ‘सर, चौऱ्याऐंशी लक्ष योनी!’ असे म्हणाला होता. हा निव्वळ योगायोग आहे हे मी त्याला बजावून सांगितले, पण त्यानंतर तो आकडा मला त्या वर्गाला पुन्हा सांगावा लागला नाही.

रात्रपाळी

मी खानापूरची असून बेळगावातील एका रुग्णालयात परिचारिका आहे. माझेही शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून झाले आणि पुढचे नर्सिंग इंग्रजीतून.

हृदयाच्या आकृतीने मला जवळजवळ वर्षभर फसवले होते. पुस्तकातील बाणांवर एक, दोन, तीन असे क्रमांक होते: उजवे अलिंद (वरचा कप्पा), उजवे निलय (खालचा कप्पा), फुप्फुस, डावे अलिंद, डावे निलय. त्यावरून मी असे धरून चालले होते की, आधी उजवी बाजू आकुंचन पावते आणि तिचे काम झाल्यावर डावी. रक्ताच्या एका थेंबाचा प्रवास म्हणून तो क्रम बरोबर आहे, पण हृदय तसे चालत नाही. एका अ‍ॅनिमेशनमध्ये पाहिले तेव्हा लक्षात आले की, दोन्ही अलिंदे एकदम आकुंचन पावतात आणि त्यानंतर दोन्ही निलये एकदम. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एक फेरी ०.८ सेकंदाची होते. त्यात अलिंदांचे आकुंचन ०.१, निलयांचे ०.३, आणि उरलेले ०.४ सेकंद सगळेच कप्पे सैल असतात. अलिंदांकडून आलेला विद्युतसंदेश निलयांकडे जाण्यापूर्वी वाटेतल्या गाठीपाशी दशांश सेकंदभर रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यामुळेच निलये भरायला अवसर मिळतो. दुसऱ्या दिवशी वॉर्डात मॉनिटरवरची रेघ पाहिली, तेव्हा लहान उंचवटा, मग थोडी सपाट जागा, मग उंच टोक, हे सगळे प्रथमच बोलू लागले. ठोके १२० वर गेले की फेरी अर्ध्या सेकंदात उरकावी लागते आणि सर्वांत जास्त कात्री विश्रांतीच्या काळाला लागते, हेही मला मॉनिटरसमोर उभी असतानाच सुचले.

मात्र त्याच फितींनी एक खोटी गोष्टही माझ्या डोक्यात बसवली होती. ऑक्सिजन कमी असलेले रक्त त्यांत निळे दाखवतात. शिरेतून पहिल्यांदा रक्त काढले तेव्हा ते गर्द तांबडे निघाले, आणि काही क्षण मला वाटले की माझी सुई चुकून धमनीतच गेली.

शंकेखोर

निळे रक्त ही किरकोळ बाब आहे. माझी तक्रार अधिक मूलभूत आहे. पेशीच्या आतल्या अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक रेणू आपल्याला कुठे जायचे आहे हे ठाऊक असल्यासारखा वागतो. किनेसिन नावाचे प्रथिन डोक्यावर भले मोठे ओझे घेऊन, वारकऱ्याने एकेक पाऊल टाकावे तसे, मोकळ्या वाटेवरून चाललेले दाखवतात. त्याचे पाऊल ८ नॅनोमीटरचे असते आणि दर पावलाला एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणारा) एक रेणू खर्ची पडतो, एवढा भाग खरा आहे. पण पेशीत मोकळी वाट कुठे असते? तिथे पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर असते तशी दाटी असते, आणि उष्णतेमुळे सगळेच रेणू सतत एकमेकांवर आदळत असतात. त्या रेटारेटीतून पाऊल एका दिशेला का पडते, हा खरा प्रश्न आहे, आणि चित्रफीत नेमका तोच गिळून टाकते. तो रेणू हेतुपुरस्सर चालतो असे समजलेल्या विद्यार्थ्याला आपण जीवशास्त्र शिकवले, की गोष्ट सांगितली?

वेळेच्या बाबतीतही हेच होते. डीएनएची नक्कल करणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या पेशीत सेकंदाला साधारण ५० अक्षरे जोडते. आपल्या जनुकसंचातील ३०० कोटी जोड्या एकाच ठिकाणापासून सुरुवात करून लिहायच्या म्हटल्या, तर सहा कोटी सेकंद, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे लागतील. प्रत्यक्षात हे काम आठेक तासांत आटोपते, कारण ते हजारो ठिकाणी एकाच वेळी सुरू होते. मी पाहिलेल्या बहुतेक फितींमध्ये एकच एक ठिकाण दाखवलेले असते आणि हा हिशेब कोणी मांडतच नाही.

कुंदाप्रेमी

शंकेखोर यांनी एवढे समजावून सांगितल्यावर आता त्यांनीच एक चित्रफीत काढावी, अशी मी त्यांना नम्र विनंती करतो.

शहापूरचा_कुंचला

मी मूळचा बेळगावच्या शहापूरचा असून सध्या पुण्यात वैद्यकीय विषयांची अ‍ॅनिमेशन तयार करतो. शंकेखोर यांचे सर्व आक्षेप मला मान्य आहेत, तरीही आरोपीच्या पिंजऱ्यातून थोडे बोलण्याची परवानगी असावी.

पेशीतील पाण्याचे सगळे रेणू दाखवले, तर पडद्यावर दुसरे काहीच दिसणार नाही. म्हणून आम्ही पाणी काढून टाकतो. डीएनएची जाडी सुमारे २ नॅनोमीटर असते आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, त्यामुळे तिथे आपण ज्याला रंग म्हणतो त्याला काही अर्थच उरत नाही. प्रत्येक रंग आम्ही निवडलेला असतो. गर्दी दाखवायची झाली, तर ती स्थिर चित्रात अधिक चांगली दाखवता येते. डेव्हिड गुडसेल या अमेरिकी शास्त्रज्ञाने जलरंगात रंगवलेल्या जीवाणूपेशी पाहाव्यात; त्यांत बोट ठेवायलाही मोकळी जागा नाही. मी नव्या सहकाऱ्यांना आधी ती चित्रे पाहायला लावतो आणि मगच कामाला बसवतो.

परंतु काही गोष्टी हालचालीवाचून कळतच नाहीत. डीएनएचे दोन पदर परस्परविरुद्ध दिशांनी धावतात, आणि नक्कल करणारे विकर मात्र एकाच दिशेने लिहू शकते. त्यामुळे एका पदरावर ते सलग पुढे जाते, तर दुसऱ्यावर त्याला पुन्हा पुन्हा मागे येऊन तुकड्या-तुकड्यांनी लिहावे लागते आणि ते तुकडे दुसऱ्या एका विकराला नंतर सांधावे लागतात. रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या जपानी दांपत्याने १९६० च्या दशकात हे तुकडे ओळखले, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. हे मी शब्दांत लिहिले तेव्हा आपल्यापैकी किती जणांना डोळ्यांसमोर दिसले, हे प्रामाणिकपणे सांगावे.

मलप्रभाकाठ यांच्या मूळ प्रश्नाविषयी कामातला एक अनुभव सांगतो. सलग बारा मिनिटांच्या फितीपेक्षा तीच फीत सहा तुकड्यांत करून, प्रत्येक तुकड्यानंतर पाहणाऱ्याने स्वतः कळ दाबल्यावरच पुढे जाऊ दिली, तर ती अधिक लक्षात राहते. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने यावर पुष्कळ प्रयोग केले आहेत. पण गिऱ्हाईक मागते ते सलग आणि संगीतासह.

घटप्रभा

आमच्या घरात आई मराठी आणि वडील गोकाकचे कन्नड भाषक, त्यामुळे मी मराठी शाळेत गेले आणि माझा चुलतभाऊ कन्नड शाळेत. पीयूसीला आम्ही दोघे एकाच बाकावर आलो, तेव्हा लक्षात आले की एकाच गोष्टीची आमच्याकडे तीन-तीन नावे आहेत. मी ज्याला गुणसूत्र म्हणत होते, त्याला तो वर्णतंतू म्हणत होता. त्याचा शब्द इंग्रजीच्या अधिक जवळचा आहे, कारण मूळ ग्रीक शब्दातही रंगच आहे; माझा शब्द ती वस्तू काय करते ते सांगतो. खरी गंमत विकरांपाशी झाली. कन्नडमध्ये विकराला किण्व म्हणतात आणि मराठीत किण्व म्हणजे यीस्ट. ‘लाळेत किण्व असते’ असे तो म्हणाला, तेव्हा त्याच्या तोंडात पाव फुगतो आहे असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आले.

यातून आम्ही एक युक्ती काढली होती. आम्ही चित्रफीत एकदा नेहमीसारखी पाहायचो आणि दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. आवाज बंद असताना एकाने समालोचन करायचे, मी मराठीतून आणि तो कन्नडमधून, आणि दुसऱ्याने चुका धरायच्या. निवेदकाचा आवाज बंद झाला की आपल्याला किती येत नाही, हे पहिल्या अर्ध्या मिनिटातच उघडे पडते. इंग्रजी शब्द आम्ही शेवटी घालायचो, भांडी घासून झाल्यावर त्यांवर नावे घालावीत तसे.

कुंदाप्रेमी

शरीरशास्त्रातील एकच गोष्ट मला कायमची समजली आहे, आणि तीही आपल्या भागामुळे. पेशीच्या सीमेवरचा पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर घालवतो आणि दोनच पोटॅशियम आत घेतो. सीमेवर गेलेल्यांचा आणि आलेल्यांचा हिशेब जुळत नाही, म्हणूनच तिथे कायम ताण असतो.

तिलकवाडीकर

कुंदाप्रेमी यांचा विनोद शास्त्रशुद्ध आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. फक्त इतकी भर घालतो की, चेतापेशीच्या आत विश्रांतीच्या वेळी जो सुमारे उणे ७० मिलिव्होल्टचा ताण असतो, त्यात पंपाच्या या तीन-दोनच्या फरकाचा थेट वाटा लहान आहे. मोठा वाटा पोटॅशियमच्या हळूहळू बाहेर झिरपण्याचा. सीमाप्रश्न मात्र इथेच थांबवावा, अन्यथा धागा हाताबाहेर जाईल.

उसाचा_फड

मी चिकोडी तालुक्यात ऊस करतो. शिक्षण बारावीपर्यंत. मुलाबरोबर बसून या चित्रफिती पाहतो, त्यामुळे माझी शंका शेतकऱ्याची आहे असे समजावे.

आम्ही दोन डोळ्यांची टिपरी लावतो. तिच्यातून येणारा ऊस हुबेहूब बेण्यासारखा का निघतो, हे सूत्री विभाजनाची (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याची) फीत पाहिल्यावर मला कळले: त्यात आई-बापाची सरमिसळच नाही, केवळ नक्कल आहे. खोडव्याचेही (तोडणीनंतर त्याच बुडख्यातून फुटलेल्या उसाचेही) तेच. म्हणूनच नवी जात आमच्या फडात आपोआप जन्मत नाही. ती कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेत तयार होते, कारण तिथे उसाला तुरा चांगला येतो आणि संकर करता येतो. आमच्या भागात सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘८६०३२’ जातीचा ऊस तिथलाच आहे.

आता शंका अशी आहे. फितीत गुणसूत्रांच्या जोड्या अगदी नेमक्या जुळतात आणि शेवटी तीनास एक असे प्रमाण निघते. उसाच्या संकरातही असेच होते काय?

तिलकवाडीकर

उसाचा_फड यांची शंका या धाग्यातील सर्वांत कठीण शंका आहे. उसात असे होत नाही. आजच्या लागवडीच्या उसात १०० ते १३० गुणसूत्रे असतात, ती दोन वेगळ्या प्रजातींकडून आलेली असतात, आणि एकाच प्रकारच्या गुणसूत्राच्या दोन नव्हे तर आठ-दहा प्रती असू शकतात. त्यामुळे दोन उसांच्या संकरातून आलेले प्रत्येक रोप वेगळे निघते, आणि हजारो रोपांतून एखादे निवडावे लागते. कोईमतूरच्या संस्थेत १९३० च्या दशकात ई. के. जानकी अम्माल यांनी उसाच्या गुणसूत्रांवर आणि संकरांवर काम केले होते. सूक्ष्मदर्शकाखाली ही गर्दी मोजण्याचे काम किती चिकाटीचे असेल, याची कल्पना करावी.

मेंडेलने वाटाणा निवडला, हे त्याचे भाग्यही आणि शहाणपणही. त्याने ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मोजले, म्हणजे २.९६ ला एक. तो नियम समजण्यासाठी अ‍ॅनिमेशनची काहीही गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन रंगांचे मणी घ्यावेत, डोळे मिटून जोड्या काढाव्यात आणि शंभर वेळा मोजावे. पडद्यावरचे प्रमाण नेहमी अचूक तीनास एक येते, आणि तेच त्याचे खोटेपण आहे.

सांब्रा_रोड

या धाग्यावर लिहावे की नाही, असा दोन दिवस विचार करत होतो. तिलकवाडीकर सरांच्या शेवटच्या वाक्यामुळे लिहितो आहे.

माझे लग्न सख्ख्या मामाच्या मुलीशी झाले. आपल्या भागात यात कोणाला काही वावगे वाटत नाही, आणि कन्नड शेजाऱ्यांकडे तर मामा-भाचीचीही लग्ने होतात. आमच्या थोरल्या मुलाला थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार निघाला. आम्ही दोघेही वाहक आहोत, म्हणजे स्वतः निरोगी असूनही त्या जनुकाची एकेक सदोष प्रत बाळगतो, हे तेव्हाच समजले. आम्हाला एक चित्रफीत दाखवण्यात आली. तीत वर आई-वडील आणि खाली चार मुले होती: एक निरोगी, दोन वाहक आणि एक आजारी. घरी आल्यावर माझी आई म्हणाली, ‘चारातले एक झाले, आता पुढच्या तिघांना काही भीती नाही.’ मी पदवीधर आहे, तरीही काही महिने मी तेच धरून चाललो होतो. चित्रात चारच मुले असतील, तर दुसरे काय समजणार?

पुढे एका समुपदेशक बाईंनी माझ्या हातात एक नाणे दिले आणि पत्नीच्या हातात एक, आणि दोघांना एकदम टाकायला सांगितले. दोन्ही छापे पडले तर मूल आजारी. पहिल्या दोन्ही वेळा छापा-छापाच पडला. त्या खोलीत बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

तिलकवाडीकर

सांब्रा_रोड, आपण हे लिहिलेत याबद्दल मी आपला ऋणी आहे. शिक्षक म्हणून मीही वर्षानुवर्षे चार चौकटींचा तो तक्ता काढत आलो, आणि चार चौकटी म्हणजे चार मुले नव्हेत, हे किती वेळा सांगितले असेन ते मला आठवत नाही. इतरांच्या माहितीसाठी: मामे-आते भावंडांच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून आलेल्या असण्याची शक्यता एक षोडशांश असते, आणि मामा-भाचीच्या अपत्यात ती एक अष्टमांश असते. नात्याबाहेरच्या लग्नातही दोघे वाहक निघू शकतात, म्हणून लग्नाआधीच रक्ताची तपासणी सर्वांनीच करून घ्यावी.

रात्रपाळी

चौकटींवरून एक गोष्ट लिहिते. आई किंवा वडील ‘एबी’ गटाचे असतील तर मूल ‘ओ’ गटाचे असूच शकत नाही, असे अनेक फितींत ठासून सांगतात. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा रक्तगट शोधला की जो नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ दिसतो, पण प्रत्यक्षात ‘ओ’ नसतो. ‘ए’ आणि ‘बी’ ही चिन्हे ज्या पायावर उभी राहतात, तो पायाच या व्यक्तींच्या रक्तपेशींवर नसतो. त्याला ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात, आणि भारतात तो साधारण दहा हजारांत एकाचा असतो. ‘असूच शकत नाही’ या तीन शब्दांवरून घरात किती मोठे वादळ उठू शकते, याची निवेदकाला कल्पना नसते.

पहिले_वर्ष

मी निपाणीची, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. मावशींनी मूळ धाग्यात विचारलेला हेन्लेच्या वळशाचा प्रश्न अजून कोणी घेतला नाही, म्हणून मी प्रयत्न करते.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. बाकीचे पाणी परत घ्यावे लागते. पाणी ओढून घेण्यासाठी मूत्रपिंडाच्या गाभ्यात खारटपणा हवा. बाहेरच्या भागात द्रवाची तीव्रता (मिलिऑस्मोल या एककात) ३०० असते आणि गाभ्याच्या टोकाशी १२००. वळशाची चढती बाजू मीठ बाहेर टाकते, पण पाणी बाहेर सोडत नाही. उतरती बाजू पाणी सोडते. आता महत्त्वाचा भाग असा की, कोणत्याही एका पातळीवर चढत्या बाजूला आतबाहेर सुमारे २०० चाच फरक करता येतो. मग ३०० चे १२०० कसे होतात? द्रव सतत पुढे सरकत असतो. वरच्या पातळीवर जरा खारट झालेला द्रव खाली येतो, वळतो, आणि तिथे आधीच खारट असलेल्या द्रवावर पुन्हा तेवढाच फरक चढवला जातो. हे पायरीपायरीने साचत जाते, आणि पायऱ्या जितक्या जास्त तितका टोकाचा खारटपणा जास्त. म्हणून वळसा लांब हवा. वाळवंटातल्या उंदरांचे वळसे त्यांच्या मानाने फारच लांब असतात.

पुस्तकातल्या आकृतीत ३००, ६००, ९००, १२०० हे आकडे आधीपासूनच छापलेले असतात, त्यामुळे ते तिथे नेहमीच होते असे वाटते. आकृती फक्त उत्तर दाखवते. ते उत्तर कसे तयार झाले, हे मी अ‍ॅनिमेशनमध्येच पहिल्यांदा पाहिले, आणि तेही दर पायरीला थांबवून, पुढचा आकडा आधी वहीत लिहून आणि मग पडद्याशी ताडून. पहिल्या दिवशी माझे बहुतेक आकडे चुकले होते.

शंकेखोर

पहिले_वर्ष यांच्या प्रतिसादानंतर मी माझा आक्षेप थोडा आवरता घेतो. जे घडत-घडत तयार होते, ते दाखवायला हे साधन योग्य आहे, असे म्हणायला माझी हरकत नाही. रेणूंच्या हेतूविषयीची तक्रार मात्र कायम आहे.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी परत लिहिते आहे, कारण आधी करून पाहायचे होते.

घटप्रभा यांची आवाज बंद करण्याची युक्ती पहिल्या दिवशी सपशेल फसली. भाची दोन वाक्ये बोलली, थांबली, आणि मोबाइल बाजूला ठेवून रुसून बसली. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच फीत लावली आणि मराठीतून बोलू लागली. लोकर घरात होतीच. जोडीदार आणि जुळे आता तिच्या हाताला कळतात. इंग्रजीतून उत्तर लिहिताना ती अजूनही अडखळते, पण आता अडते ते वाक्याशी, विभाजनाशी नाही. गेल्या चाचणीत या प्रश्नाला तिला पाचांपैकी तीन गुण मिळाले. कापलेले दोन गुण आकृतीला नावे न दिल्याबद्दल होते.

हेन्लेच्या वळशाचे आकडे आम्ही दोघींनी मिळून वहीत लिहिले, आणि माझे तिच्यापेक्षा जास्त चुकले.

परंतु काल धागे दुहेरी करता-करता तिने मला विचारले, ‘मावशी, शेवटी निम्मेच करायचे आहे, तर पेशी आधी दुप्पट कशाला करते? जोडीदार सरळ वेगळे केले असते तर एकाच विभाजनात काम झाले असते.’ मी वीस वर्षे हे शिकवते आहे, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिलकवाडीकर सर, उत्तर आपल्याकडे मागते.

तिलकवाडीकर

हा प्रश्न तिने विचारला, याचा मला फार आनंद झाला. अशी मांडणी मुळात का निर्माण झाली, यावर जीवशास्त्रज्ञांत अजूनही वाद आहे. साध्या सूत्री विभाजनाची सुरुवात दुपटीनेच होते, आणि हे विभाजन त्याच्यातूनच उत्क्रांत झाले असावे, असे पुष्कळांचे मत आहे. परंतु आज ती दुप्पट काय कामाला येते, हे मात्र दाखवता येते. जोडीदार एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात, तेव्हा प्रत्येक गुणसूत्रातील जुळी भावंडे कोहेसिन नावाच्या प्रथिनाने एकमेकांना बांधलेली असतात. त्या बांधणीमुळेच अदलाबदलीची जागा गाठीसारखी घट्ट राहते आणि जोडीदार योग्य क्षणापर्यंत एकत्र धरले जातात. धागे एकेरी असते, तर अदलाबदल होताच ते सुटून भलतीकडे गेले असते. लोकरीने हे अगदी सहज दाखवता येते. एकेरी धाग्याने एकदा आणि दुहेरी धाग्याने एकदा करून पाहिले की पुरे. येत्या रविवारी तिला घेऊन यावे.

मलप्रभाकाठ

सकाळच्या खानापूर गाडीने येतो. मोबाइल आणावा की घरी ठेवावा?

तिलकवाडीकर

आणावा. कोहेसिन सुटतानाचे एक चांगले अ‍ॅनिमेशन मी नातवाकडून उतरवून घेतले आहे, पण ते मला माझ्या मोबाइलवर लावता येत नाही.